नादारीस अपात्र

जव्हारच्या जहीर पेटीवाल्याने २००३ सालच्या एका मंगळवारी, दुपारचं जेवण झाल्यावर, रीतसर बुडायचं ठरवलं. रीतसर हे महत्त्वाचं. तशी बुडायला सुरुवात होऊन दोन वर्षं झाली होती, पण अर्ज न करता बुडणाऱ्या माणसाची कुठल्याही कार्यालयात नोंद होत नाही.

बुडण्याचं कारण मात्र सरकारी होतं. आश्रमशाळेत मूल दाखल झालं की त्याला सामान ठेवायला पत्र्याची पेटी देतात. एका कार्यालयाने जहीरकडून अशा चारशे बारा निळ्या पेट्या घेतल्या, तीनशे दहा रुपये नगाने. पेट्या जूनमध्ये पोहोचल्या. तपासणी समिती फेब्रुवारीत पोहोचली. समितीने पेट्या उघडून पाहिल्या, तर आत कपडे, साबण, वह्या आणि एका पेटीत अर्धी नाचणीची भाकरी सापडली. समितीने शेरा मारला, ‘पेट्या वापरलेल्या असून नवीन नाहीत. सबब देयक रोखावे.’ देयक रोखलं गेलं. इतक्या तत्परतेने त्या कार्यालयात दुसरं काही झाल्याचं कोणाला आठवत नाही.

पत्र्यासाठी जहीरने पतपेढीतून काढलेले पैसे व्याजासकट एकाहत्तर हजारांवर गेले. भिवंडीच्या पत्रेवाल्याचे अडतीस हजार वेगळे. मग पतपेढीची नोटीस आली. सत्तावीस तारखेला पत्रा कापायच्या मशीनचा लिलाव. ते मशीन जहीरच्या अब्बांनी घेतलेलं. ते गेलं तर हातात हातोडी उरणार होती, आणि नुसत्या हातोडीने पेटी होत नाही.

तहसीलसमोर टाइपरायटर घेऊन बसणारा गौतम अर्ज लिहून द्यायचा. त्याने नोटीस वाचली, चष्मा पुसला आणि सल्ला दिला.

“जहीरभाई, नादारीचा अर्ज टाका. म्हणजे दिवाळं निघाल्याचा. ठाण्याला कोर्टाने दाखल करून घेतला की लिलाव थांबतो.”

“टाक मग.”

“असा नाही टाकता येत. आधी दाखला लागतो. नादारी म्हणजे काय आणि घरखर्चाचं अंदाजपत्रक कसं करतात, हे अर्जदाराला समजल्याचा. नवं परिपत्रक आहे.”

“अरे, मला समजलंय की! दोन वर्षं दुसरं काय करतोय?”

“तोंडी चालत नाही.”

समजावून देणारं केंद्र मोखाड्याला होतं. जव्हार तालुक्याचं समजण्याचं उद्दिष्ट मार्चमध्येच पूर्ण झालं होतं, त्यामुळे तिथे आता कोणाला काही समजावून देता येत नव्हतं. तीन गुरुवार, फी सहाशे रुपये, पतीपत्नी दोघांची हजेरी सक्तीची. फी भरायला जहीरने सायकल विकली आणि राबियाला घेऊन काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसला.

केंद्रावर मंजुषाताई होत्या. पुण्याकडून आलेल्या, बोलायला गोड, कामाला चोख. त्यांनी एक लांबलचक फॉर्म पुढे ठेवला.

“सहलीवर महिन्याला किती जातात?”

“सहल कसली मॅडम? मागल्या ईदला पाहुण्यांना शिरपामाळ दाखवायला नेलं होतं. चालत.”

“शून्य टाकलं की संगणक फॉर्म घेत नाही. पन्नास लिहू. हॉटेल?”

“नाय.”

“शंभर लिहू. पाळीव प्राणी?”

“एक मांजर येतं,” राबिया म्हणाली. “पण ते शेजारचं आहे.”

“येतं ना? मग तीस.”

शिवाय उत्पन्नाच्या दहा टक्के बचत. ती कुठून करायची, असं जहीरने विचारलं. तेव्हा मंजुषाताई हळहळून म्हणाल्या, “बघा, याच मानसिकतेमुळे माणूस कर्जात जातो.” जहीरने मान खाली घातली. पहिल्या गुरुवारी त्याचा महिन्याचा खर्च कागदावर सव्वासहाशे रुपयांनी वाढला.

खरं तर अंदाजपत्रक घरात होतंच. राबिया ते एका पोचा आलेल्या पेटीच्या झाकणाला आतून खडूने लिहायची. डावीकडे हातात आलेले पैसे, उजवीकडे गेलेले. महिना संपला की फडक्याने पुसायचं. दुसऱ्या गुरुवारी तिने ते झाकणच बिजागरीपासून काढून मोखाड्याला नेलं. जीपवाल्याने त्याचं अर्धं तिकीट लावलं.

मंजुषाताईंनी झाकण निरखून पाहिलं. “छान आहे. पण यात सरकारकडचं येणं कुठे दिसत नाही?”

“ते नाय लिहीत मी. हातात पडल्याबगर कसं लिहू?”

“ही भावनिक पद्धत झाली, ताई. अशाने तुम्हाला तुमची खरी ताकद कळतच नाही.”

तिसऱ्या गुरुवारी खरी ताकद कळली. सरकारकडून येणं एक लाख सत्तावीस हजार सातशे वीस. सगळं देणं एक लाख नऊ हजार. मंजुषाताईंनी दोनदा बेरीज तपासली आणि उभं राहून दोघांचं अभिनंदन केलं. गोल शिक्का मारलेल्या दाखल्यावर लिहिलं होतं, ‘सदर इसमाची ऐपत देण्यापेक्षा रु. १८,७२० ने अधिक असून तो नादारीस अपात्र आहे.’

“पण मॅडम, ते पैसे मिळत नाहीत हो!”

“सरकारकडचं येणं बुडीत धरता येत नाही. फार तर त्या कार्यालयाचं पत्र आणा, पैसे देणार नाही असं.”

जहीर दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेला. तिथल्या बाबूने शांतपणे ऐकून घेतलं. “देणार नाही, असं आम्ही कधी म्हटलंय का?”

“नाही साहेब.”

“मग तसं पत्र कसं देणार?”

“मग देणार, असं द्या.”

“त्यावर तुम्ही तारीख विचाराल.”

“विचारणारच ना!”

“मग तेही देता येणार नाही.”

इथपर्यंत प्रकरण फक्त वाईट होतं. दाखल्याची बातमी गावात पसरली आणि ते वाढलं. जव्हारात कोणाला कर्जासाठी जामीनदार हवा असला की तो आधी चहा सांगतो. चहा अर्धा संपला की कागद पुढे येतो. चहा प्यायल्यावर सही नाकारणं म्हणजे घरचं येणंजाणं तोडणं, म्हणून कोणी नाकारत नाही आणि कोणी वाचतही नाही. जहीर पगारदार नसल्यामुळे आजवर या चहातून सुटला होता. आता साऱ्या तालुक्यात शिक्क्यानिशी ऐपत असलेला तो एकटाच माणूस होता. आठ दिवसांत तो नऊ कप चहा प्यायला. एका गुरुजींच्या घराचा स्लॅब, एका कारकुनाची मोटरसायकल, एका ग्रामसेवकाच्या मेव्हण्याचं लग्न, सगळ्यांना त्याची सही लागली. पतपेढीचे मॅनेजर त्याला बघून खुर्चीवरून अर्धे उठायला लागले.

दहावा चहा घेऊन मंजुषाताई आल्या. म्हणजे चहा राबियानेच केला, पण विषय त्यांचा होता. त्यांचं मानधन सात महिने आलं नव्हतं.

“आणि तुमचं अंदाजपत्रक?” राबियाने विचारलं.

“अगदी बसतंय,” मंजुषाताई पदराशी चाळा करत म्हणाल्या. “येणं धरून.”

जहीरने सही केली. त्या गेल्यावर राबियाचा संताप अनावर झाला. “इमादचे अब्बा, नाय म्हणायला तोंड नाय का तुमाला? आपलं मशीन चाललंय आणि तुम्ही गावाचे जामीन!”

“दारात आलेल्या बाईला काय सांगू? माझ्याकडे ऐपत नाही म्हणून? शिक्का आहे ना तिचाच!”

सत्तावीस तारखेला जहीर पहाटे उठला, मशीनचं पातं तेलाने पुसलं आणि तिथेच बसून रडला. अब्बांच्या मयतीलाही तो इतका रडला नव्हता. दहा वाजता मॅनेजर आले. दाखला वाचून ते अधिकच कडक झाले होते. ऐपत नसलेल्याची दया येऊ शकते, पण ऐपत असून जो भरत नाही तो मुद्दाम थकवणारा, आणि त्याला सवलत देणं नियमात बसत नाही.

बोली लावायला दोघे होते. एक भिवंडीचा भंगारवाला आणि दुसरा सोम्या. सोम्या वांगणीचा, बारा वर्षं जहीरच्याच हाताखाली पेट्या ठोकणारा. त्याला जहीरनेच आदल्या दिवशी गळ घातली होती, मशीन भंगारात जाऊ देऊ नकोस म्हणून.

“पर शेट, मी मशीन घेतलं तं तुमी काय करशाल?”

“तुझ्याकडे कामाला येईन.”

सोम्याने डोळे पुसले आणि चाळीस हजारांची बोली लावली. त्याच्याकडे चाळीस रुपये नव्हते. मॅनेजर म्हणाले, त्याची काळजी नको, पतपेढी कशाला आहे? कर्ज मंजूर झालं. जामीनदार म्हणून ऐपतीचा दाखला असलेला माणूस हवा होता. तो समोरच उभा होता. अशा रीतीने जहीरचं मशीन विकत घेण्यासाठी जहीर जामीन राहिला. पैसे पतपेढीतून निघून पतपेढीतच जमा झाले. मशीन तसूभर हललं नाही. जहीरचं एकाहत्तर हजारांचं कर्ज एकतीसवर आलं आणि जामीनकी मात्र चाळीसने वाढली.

एक तारखेपासून जहीर सोम्याकडे आठवड्याच्या मजुरीवर लागला. राबियाने झाकण पुन्हा पेटीला बसवलं आणि खडूने आकडे मांडले. कमी होते, पण हातातले होते. महिनाभर घर सुखात चाललं.

मग सोम्याला एका कार्यालयाचं पत्र आलं. आश्रमशाळांसाठी पाचशे निळ्या पेट्या, देयक तपासणीनंतर.

“सोम्या, ते येणं लिहू नको रे बाबा,” राबिया म्हणाली. पण पतपेढीला हव्या असलेल्या ऐपतीच्या दाखल्यासाठी सोम्याचे तीन गुरुवार तोवर मोखाड्याला झाले होते, आणि कागदावर तो चांगलाच श्रीमंत निघाला होता.

पाचशे पेट्यांच्या पत्र्यासाठी सोम्याने पतपेढीत अर्ज दिला आहे. पहिल्या जामीनदाराच्या जागी जहीरची सही झाली आहे, न वाचता. दुसरी जागा रिकामी आहे. तिथे पगारदार माणूस हवा, शिकलेला, समंजस, दुसऱ्याच्या फजितीला हसणारा आणि ओळखीच्याला नाही म्हणायला लाजणारा. तुमची आणि जहीरची आता ओळख झालीच आहे. बसा, चहा सांगितलाय.