जिभेवरचा समुद्र

"मामा, हलू नका! आहात तिथंच थांबा!"

छोट्या मॅडम टेबलाखाली रांगत होत्या. प्रयोगशाळेचे जुने शिपाई, मामा, एक पाय हवेत धरून उभे राहिले.

"काय हरवलं?"

"समुद्र," छोट्या मॅडम रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

हे अगदीच खोटं नव्हतं. डोंगरातल्या एका थराची माती सहा महिने धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली निवडून त्यांना आज एक जीवाश्म सापडला होता. मोहरीहून लहान कवच, पण ते गुडघाभर पाण्यात वाढणाऱ्या जिवाचं. म्हणजे तिथला प्राचीन समुद्र उथळ होता! त्यांचे मार्गदर्शक, मोठे सर, तर तीस वर्षं तो खोल असल्याचं छातीठोकपणे सांगत होते. चार वाजता ते पुरावा बघायला येणार होते. पुरावा नसेल, तर प्रबंधाचं अख्खं प्रकरण केराच्या टोपलीत.

"शेवटचं कुठं होतं?"

"या ब्रशच्या टोकावर. तुम्ही बिस्किट दिलंत, मी खाल्लं, आणि मग..." बोलता बोलता ब्रश सवयीनं ओठांकडे गेला आणि तिथंच थबकला.

कवच उचलायला ब्रश ओला लागतो. तो जिभेवर ओला करायची खोड त्यांनी सरांकडूनच उचलली होती. मामा त्यासाठी रोज पाण्याची वाटी ठेवत. तिच्यात पेन्सिलीची टरफलं भिजत पडत.

"गिळलंत?" मामांनी पाय खाली टेकवला. "चूळ भरा. बारीक चाळणीत!"

चाळणीत बिस्किटाचा चुरा तेवढा निघाला.

मग छोट्या मॅडमनी उरलेली माती उपसायला घेतली. चारला पाच मिनिटं असताना दुसरं कवच दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सर आलेच.

"सरक, मी बघतो." सरांनी ब्रश जिभेला लावला, कवच अलगद उचलून न्याहाळलं. त्यांचा चेहरा पडला. "खरंच की गं, उथळ पाण्यातलंच! मग मला कसं कधी मिळालं नाही? या थराचे शेकडो ट्रे मी स्वतः, या हातांनी..."

आणि विचारात गढून त्यांनी ब्रश पुन्हा जिभेला लावला.

छोट्या मॅडमनी डोळे मिटून घेतले.

सरांनी ब्रशचं टोक पाहिलं. ते रिकामं होतं. "तीस वर्षं मी छापतोय," ते हळूच म्हणाले, "की हे कवच या थरात सापडत नाही."

"सापडत असेल साहेब," मामा म्हणाले, "उरत नसेल."

सरांनी खुर्ची ओढली आणि मातीचा अर्धा ढीग आपल्या पुढ्यात घेतला.

"मामा, त्या वाटीतलं पाणी बदला."