टिप्पणीतल्या दुव्यांची आणि तुळशीराम सातपुते यांचे पायताणांची हकीकत

श्रीसरस्वती समर्थ. वाचणारे सुखी असोत, ऐकणारे सुखी असोत, आणि ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांचे शाबूत राहोत. शके १९४० विलंबीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमीपासून जे वर्तमान घडले ते आपण पुसिले, म्हणोन आठवेल तैसे लिहितो. अधिक उणे पदरात घ्यावे. त्या काळी एक राज्य होते, त्यास ना तट ना वेस. सारी रयत हातातल्या काचेच्या पाटीतून तेथे जाई येई. राज्यात मुख्य तो शोधदरबार. कोणी काही पुसावे आणि दरबाराने क्षणात यादी पुढे ठेवावी. यादीत वर ज्याचे नाव त्याचे दारी गर्दी, आणि नवव्या पानावर ज्याचे नाव त्याचे दारी कावळाही फिरकत नसे. आणि ज्यास जे ठाऊक ते त्याने लिहून लोकांपुढे मांडावे, ऐशा ओसऱ्या घरोघर होत्या, त्यांस ब्लॉग म्हणत. लेखाखाली वाचणाराने चार शब्द लिहावे ती टिप्पणी, आणि टिप्पणीत आपल्या घराची वाट ठेवावी, जीवर बोट टेकताच माणूस दारी यावा, तो दुवा.

या राज्याचे एका कसब्यात तुळशीराम सातपुते नामे कारागीर होते. तरुणपणी कुष्ठधामात राहोन बधिर पायांची पायताणे करण्याची विद्या शिकले. ज्या पायास खिळा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही, ऐशा पायास मऊ रबराचा तळ, आत खिळा नाही, टोचेल ऐशी शिवण नाही, ऐसे पायताण करीत. पुढे मधुमेहाने पाय बधिर झालेले लोक येऊ लागले आणि कित्येकांचे पाय त्यांचे हातून वाचले. कन्या कुंदा बापाशेजारी बसोन तळ कापीत असे आणि या विद्येचा ब्लॉगही लिहीत असे. लिहिणे उत्तम, परंतु यादीत नववे पान. मग आषाढात दामाजी खरात नामे एसटीचे वाहक दुकानी आले, त्यांचे डाव्या पायाची दोन बोटे नव्हती. ते बोलिले, "मालक, मी सहा महिने मोबाइलवर हुडकत होतो. जे वर दिसलं तेच बूट घेतले. त्यांनीच घासलं, मला कळलंच नाही. आणि तुम्ही हितंच होता व्हय?" तुळशीराम यांणी माप घेतले, परंतु त्या दिवशी अन्नास शिवले नाहीत. कुंदेस म्हणाले, "कुंदे, तीस वर्षं मी याच पेठेत बसलोय. त्या माणसाला मी सापडलो का नाही?"

मग कुंदा हेरंब टिपणीस यांजकडे गेली. हे यादीत वर चढण्याचे उपाय सांगणारे, मनाने वाईट नव्हेत, परंतु त्यांची विद्या दहा वर्षांमागची होती. ते म्हणाले, "दोन हजार ब्लॉगांवर टिप्पण्या टाका, प्रत्येकीत आपला दुवा. दरबार दुवे मोजतो. महिन्यात पहिलं पान!" खरे पाहता पूर्वी ऐसेच होते, एक दुवा म्हणजे एक साक्ष ऐसे दरबार धरीत असे. परंतु लोकांनी खोट्या साक्षींनी ओसऱ्या बुजवल्या, तेव्हा दरबार शहाणा जाहला आणि टिप्पणीतल्या दुव्यांस 'हा मोजू नये' ऐसी खूण लागू लागली. हे टिपणीसांस उमगले नव्हते. कुंदेने बापासाठी कंबर कसली आणि तीन आठवडे पाककृतींवर, कवितांवर, गडांच्या वर्णनांवर, समोर येईल त्यावर एकच मजकूर चिकटवला, 'फार छान माहिती, आमच्याकडेही या', आणि खाली दुवा. फळ काय? पान नववे ते नववेच. कित्येकांनी टिप्पण्या पुसल्या, कित्येकांनी तिला दार बंद केले. आणि श्रावणात ब्लॉगावर एक पत्र आले ते ऐसे: "कुंदाताई, मी वत्सला राजाध्यक्ष, निवृत्त परिचारिका. माझ्या यजमानांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याची हकीकत मी लिहिली होती. तिच्याखाली तुम्ही 'फार छान माहिती' असं लिहिलंत. लेख वाचलात का हो तुम्ही?"

कुंदेने बापापुढे पत्र ठेविले. तुळशीराम यांणी पुसिले, "वाचला होतास?" ती म्हणाली, "नाही, आप्पा." ते बोलिले, "मग आधी वाच. मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे." कुंदेने वाचला आणि वाचता वाचता एक ओळ तिने दोनदा वाचिली, कारण त्या गृहस्थांचा पायही बुटाच्या शिवणीनेच घासला होता. तुळशीराम डोळे पुसोन म्हणाले, "क्षमा माग. आणि आपल्या दुकानाचं नाव काढू नकोस." तिने खाली आपला फोन लिहून क्षमा मागितली. तेवढ्यात त्याच लेखाखाली शेवंता नामे कोणा बाईचा प्रश्न तिचे नजरेस पडला, आठ दिवस त्यास कोणी उत्तर दिले नव्हते: 'आईच्या तळव्याला चटका बसला, तिला कळलंही नाही. तिनं पायात काय घालावं?' मग बापाने सांगावे आणि लेकीने लिहावे ऐसे चालले. चटक्याची जखम आधी डॉक्टरांस दाखवावी. माप दिवस कलल्यावर घ्यावे, पाय तेव्हा सुजलेला असतो. अंगठ्यात अडकणारी चप्पल नको, मागे पट्टा हवा. घालण्याआधी आत हात फिरवोन खडा पाहावा. तळवा रोज आरशात न्याहाळावा. ऐसे दीड पान लिहिले, आणि त्यात दुवा एकही नाही.

दुसरे दिवशी वत्सलाताईंचा फोन आला. "अहो, इतकं सगळं लिहिलंत आणि दुकान कुठं ते लिहिलंच नाही?" कुंदा म्हणाली, "लाज वाटली, ताई." त्या बोलिल्या, "माझं उत्तर मिळालं मला, लाज पुरे झाली. पत्ता सांगा." मग त्या स्वतः आल्या, दिवसभर बाकावर बसोन तुळशीराम यांचे हात पाहत राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, "सातपुते, तुम्ही आम्हाला पाच वर्षं आधी भेटायला हवे होतात." तुळशीराम यांणी नुसते हात जोडिले. घरी जाऊन वत्सलाताईंनी सारे लिहिले, आणि ऐन लेखात, टिप्पणीत नव्हे, आपल्या हाताने दुवा दिला. आपल्या भाषेत वाटेसही दुवा म्हणतात आणि आशीर्वादासही. तो दोन्ही होता. त्यांचे लेख डॉक्टर वाचीत, त्यांणीही आपापल्या पानांवर दुवे दिले, रोगी आले, त्यांणी आणखी कोणास सांगितले. ओसरीच्या मालकाने जाणोनबुजोन दिलेली साक्ष दरबारासही मोजावी लागली. कार्तिकात चौथे पान आणि माघात पहिले. तेव्हा टिपणीस धावत आले आणि पुसू लागले, "असा कोणता उपाय केलात?" कुंदा म्हणाली, "माफी मागितली." टिपणीस ओशाळले, मग हसले, आणि दोघांनी मिळोन त्या दोन हजार ओसऱ्या धुंडाळून जेथे जेथे कचरा उरला होता तेथील मालकांस क्षमापत्रे धाडिली. पुष्कळांनी 'राहू द्या हो, होतं असं' म्हणोन प्रेमाने उत्तर दिले, आणि टिपणीसांनी आपले मातोश्रींकरिता पायताण नेले.

फाल्गुनात दूरच्या मुलखातून एक लखोटा आला. आत दिनदर्शिकेच्या पानामागे पेन्सिलीने काढिलेले एक पाऊल, आणि खाली अक्षरे: 'शोधलं, आणि पहिलंच नाव तुमचं आलं. पाय बधिर झालाय पण जखम अजून नाही. वेळेवर सापडलात.' तुळशीराम यांणी तो कागद कुंदेकडोन दोन वेळा वाचोन घेतला आणि मस्तकी लाविला.

सारांश. टिप्पणीतल्या दुव्याने यादीत चढता येते काय, ऐसे पुसाल तर नाही. तो काळ गेला. परंतु लेखाखालच्या टिप्पण्यांत कोणी दुखणाईत उत्तराची वाट पाहत असतो, त्यास उत्तर द्यावे. वत्सलाताईंचे उपकार सातपुत्यांवर, आणि सातपुत्यांचे उपकार किती जणांवर याची गणती नाही. हे लिहिणारास लिहिण्याचे कारण इतकेच की, तो पेन्सिलीने काढिलेला पाय आमचा. त्या मापाच्या पायताणात आज तो शाबूत आहे. हे पत्र टपालात टाकावयास चालत जात आहो.