मिशी वाढेपर्यंत

"चांगल्याचं चांगलंच होतं, लिहून ठेव!" मुलीच्या वेण्या घालताना कात्रीभाऊ रोज ठणकावून सांगायचा. गोष्टही ठरलेली. एक गरीब चांभार थकल्याभागल्या म्हाताऱ्याची तुटकी वहाण फुकट शिवून देतो, म्हातारा निघतो राजा, आणि चांभाराला मिळतं अर्धं राज्य!

"अर्धंच का?" मुलगी विचारायची.

"अगं, उरलेलं राजाला नको का?"

"आपल्याला राज्य नको," बायको आतून म्हणायची, "डोक्यावरचं छप्पर राहिलं तरी पुष्कळ!"

खोटं नव्हतं ते. कात्रीभाऊचं सलून भाड्याचं आणि संसार त्याच्याच मागच्या खोलीत. मालक म्हणजे वरच्या मजल्यावरचे आजोबा. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. त्यांचा पुतण्या अधूनमधून यायचा आणि जाताना सलूनच्या भिंतीवर टिचक्या मारून बघायचा. "ही पाडली की माझी गाडी आरामात आत येईल," असं गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा मेला! आजोबांनी डोळे मिटले की कात्रीभाऊचं बिऱ्हाड रस्त्यावर, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तरी कात्रीभाऊ रोज वर जाऊन आजोबांची दाढी करायचा, अंग पुसायचा, चमच्याने दूध पाजायचा. आता, मनात दुकान नव्हतंच असं कोण म्हणेल? पण लळाही खरा होता. बाप गेल्यावर, आजोबांची वाचा होती तोवर, त्याच्यावर हक्काने ओरडणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आणि एक दिवस राजा प्रसन्न झाला की हो! आजोबांनी खालच्या दुकानाकडे बोट दाखवलं, मग कात्रीभाऊकडे. वकील आला. तो विचारत गेला, आजोबा मान हलवत गेले, कागद तयार झाला. दुकान कात्रीभाऊला! उरला फक्त अंगठा. तो घ्यायला नोंदणी कचेरीतले साहेब घरी येणार होते.

"साहेब येणार म्हणजे आजोबा कसे नवरदेवासारखे दिसले पाहिजेत!" कात्रीभाऊने पेटी उचलली.

"दाढी करा नि गप खाली या," बायको म्हणाली. "मिशीला हात लावू नका!"

आजोबांची मिशी म्हणजे प्रकरणच होतं. लोक आधी मिशीला नमस्कार करायचे, मग आजोबांना. "टोकं तेवढी सारखी करतो," म्हणत कात्रीभाऊने डावं टोक छाटलं. मग उजवं लांब दिसायला लागलं. उजवं छाटलं, तर डावं लांब! आजारपणाने आजोबांचं तोंडच एका बाजूला ओढलेलं, तिथे मिशी सरळ दिसणार कुठून? पण कारागिराचा हात एकदा चालायला लागला की चालायला लागला. शेवटी नाकाखाली माशी बसावी तेवढा ठिपका उरला. तो फारच अभद्र दिसायला लागला, म्हणून तोही काढला.

आजोबांनी आरशात पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. साहेब, वकील आणि मागोमाग पुतण्या!

साहेबांनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग खाट पाहिली. "हे कोण?"

"मालक, साहेब!"

"फोटोत तर मिशी आहे."

"अहो, माझ्या काकांना मिशी आहेच!" पुतण्याने संधी साधली. "हे भलतंच कोणीतरी आणून झोपवलंय!"

"अहो, सख्खे काका ना ते तुमचे!" कात्रीभाऊ किंचाळला.

साहेब खाटेवर वाकले. "आजोबा, राजीखुशीने देताय ना?" आजोबांना हुंदका फुटला.

"हे तर रडताहेत! जबरदस्ती झालीय का?"

"नाही हो! ते मिशीसाठी रडताहेत!"

"कोणी काढली मिशी?"

"मी."

"आणि दुकान कोणाला मिळणार?"

"मलाच."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मिशी येऊ द्या. मग बघू."

झालं! त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आजोबांच्या ओठावर तेल चोळणं सुरू झालं. मिशी धरत होती आणि आजोबा खंगत होते. अंगात उरलेला सगळा जीव जणू तिथेच खर्च होत होता. एकदा चोळता चोळता आजोबांनी त्याचा हात धरला आणि वाकड्या तोंडाने हसले. माफ केलं होतं त्यांनी. कात्रीभाऊ भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला.

साहेब पुन्हा यायच्या दिवशी तो कंगवा घेऊन लवकरच वर गेला. मिशी झकास आली होती. ती विंचरताना बोटांना आजोबांचा गाल लागला. गाल थंडगार होता.

तो तसाच कंगवा धरून बसून राहिला. साहेब आले, त्यांनी फोटो काढून खाटेशी नेला. "वा! आता कसे तंतोतंत जुळतात! आणा अंगठा."

पुतण्या पुढे आला, एक नजर टाकली आणि त्याने हंबरडा फोडला, "काका! अहो, हेच हो माझे काका!"

पुढच्याच आठवड्यात सलूनचा आरसा उतरला. फुटपाथवर बोचक्यांच्या ढिगावर मुलीला बसवून कात्रीभाऊ तिच्या वेण्या घालत होता.

"बाबा, मग चांभाराला काय मिळालं?"

वस्तरे फडक्यात गुंडाळत बायकोच म्हणाली, "वहाण छान शिवली गं त्याने. पण आधी राजाचे दोन्ही पाय सारखे करायला गेला."

मुलीने वेण्या पुढे ओढून पाहिल्या. "बाबा, डावी लांब झालीय."

"असू दे!" कात्रीभाऊ ओरडला. "असू दे तशीच!"