फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

दसरा आटोपून वसंत पराते कोराडी रोडवरच्या आपल्या स्टोअर ऑफिसात आला, नव्या कोऱ्या कॉम्प्युटरच्या फटीत त्यानं फ्लॉपी सरकवली, आणि कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा घरघरला. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, की बाबा रे, हे मला वाचता येत नाही.

"पुन्हा घाल," मोठे बाबू गणपतराव म्हणाले.

वसंतनं पुन्हा घातली, फुंकर मारून घातली, देवाचं नाव घेऊन घातली. कॉम्प्युटर काही ऐकेना.

नटबोल्टापासून पंख्यापर्यंत स्टोअरचा सारा माल वसंतनं गणपती बसल्यापासून त्या फ्लॉपीवर चढवला होता. शुक्रवारी मुंबईचे चीफ साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर कॉम्प्युटर वसंतच्या हाती. नाहीतर वसंत परत तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, झुरळांच्या सोबतीला.

"फ्लॉपी बाहेर नेली होती काय गा?"

वसंतनं नेली होती ना! पराते पिढीजात विणकर. दसऱ्याला त्याचे वडील नत्थूजी मागाची आणि धोट्याची पूजा करत. यंदा ते म्हणाले होते, "ज्याच्यावर पोट चालते ते हत्यार. तुयं हत्यार आन, मांड पाटावर." कॉम्प्युटर काही सायकलवर येणारा नव्हता, म्हणून फ्लॉपी नेली. आणि मोठ्या तोऱ्यात नेली, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी घरात पाय टाकताच तो ओरडला, "माय, फ्लॉपीले काय केलं वं तू?"

"काय करन? हळदकुंकू लावलं," सखूबाई म्हणाली. "सारी काळ्या पाकिटात गुंडाळली होती बापडी. मधात एवढंसं आंग उघडं दिसलं. मनलं, हेच कपाळ असन."

"अवं, तेथूनच तर कॉम्प्युटर तिले वाचते!"

"मंग वाचाचं ना! एवढा महागाचा हाय, अन् बोटभर कुंकवानं आंधळा होते?"

वसंतनं ओल्या रुमालानं टिळा पुसायला घेतला, आणि टिळ्याचा मळवट झाला.

दुसऱ्या दिवशी तो सीताबर्डीला रविंद्रच्या कॉम्प्युटर क्लासात धावला. रविंद्र त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "आन इकडं," तो ऐटीत म्हणाला. "आपलं मशीन सब वाचते बे!" मशीन घरघरलं आणि थांबलं. रविंद्रनं स्वतःची फ्लॉपी घातली, तीही वाचेना. बाहेर काढून बघतो, तर तिलाही लालपिवळा टिळा!

"अबे, तुया फ्लॉपीनं तर माया मशीनले हळदीकुंकवाले बोलावलं!"

पण गडी मनाचा मोठा. त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं आपलं मशीन पुसलं, मग ऑफिसात येऊन तिथलंही पुसलं. आणि म्हणाला, "एकच उपाय हाय. पाकीट कापून आतली तबकडी धुवाची, नव्या पाकिटात घालाची. मी फक्त वाचलं हाय, केलं नाही. फाटली तर गेली."

घरी वसंतनं कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. नत्थूजींनी ती काढून घेतली. "सर बाजूले." जन्मभर सुताशी संसार केलेला माणूस, पाकीट कापलं, तबकडीला धक्का नाही. सखूबाईनं ती रिठ्याच्या पाण्यात सोडली आणि तिचा बांध फुटला.

"माया हातानं तुयी नोकरी गेली तं काहून जगू रे मी?"

"नोकरी नाही जात वं माय. तळघरात बसन, एवढंच," वसंत म्हणाला.

तबकडी सावलीत वाळली, रविंद्रनं आणलेल्या नव्या पाकिटात गेली. शुक्रवारी चीफ साहेबांसमोर वसंतनं ती फटीत सरकवली. कॉम्प्युटर घरघरला, खोकला, आणि पडद्यावर नटबोल्ट धावायला लागले! गणपतरावांनी भर ऑफिसात वसंतला मिठी मारली.

"शाब्बास!" चीफ साहेब खूश झाले. "आजपासून हे मशीन तुमच्याकडे. अरे, शुभ काम आहे, ताट आणा!"

ताट तयारच होतं. साहेबांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि ते थेट फ्लॉपीच्या फटीकडे नेलं.

"साहेब, मले लावा!" वसंतनं मधे उडी मारून कपाळ पुढं केलं. "मशीनचं हत्यार मीच हाय!"

साहेबांनी हसत त्याला ठसठशीत टिळा लावला.

संध्याकाळी तो टिळा घेऊनच वसंत घरी आला. सखूबाईनं चुलीपुढून मान वर करून नीट पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "या साहेबाले कपाळ बरोबर सापडलं."