वाढत्या अंगाच्या तारा

शनिवारी सकाळी तनिषाच्या इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत बारीक तार तुटली आणि विनय खुर्चीतून उठत म्हणाला, "मी आणतो." त्याच्या बायकोने, मंजिरीने, त्याला तिथेच धरून बसवायला हवं होतं. पण ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

विनयचं आयुष्य एका तत्त्वावर उभं होतं. मुलांसाठी कुठलीही वस्तू घ्यायची, तर वाढत्या अंगाची घ्यायची. तनिषाला शाळेचा ब्लेझर दोन वर्षांपूर्वी घेतला, त्याच्या बाह्या अजून बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. बुटांत पुढे कापूस होता. सायकलवर बसलं की तिचे पाय फक्त फुटपाथच्या कडेलाच टेकायचे, त्यामुळे लंडनच्या हाउन्सलोभर ती कडेकडेनेच थांबत जायची. "आम्ही पुण्यात असेच वाढलो, काही बिघडलं नाही आमचं," असं विनय म्हणायचा. ऑफिसात तो टेस्टिंग लीड होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बाबा, प्लीज सेम आण," तनिषा दारापर्यंत आली. "पॅकेटवर नाइन लिहिलाय. गुरुवारी कॉन्सर्ट आहे, यू नो."

हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. शाळेच्या समर कॉन्सर्टमध्ये तनिषाच्या बँडचं एक गाणं होतं आणि त्यातला गिटारचा सोलो तिला मिळाला होता. बारा वर्षांच्या मुलीला सोलो मिळायची शाळेत ही पहिलीच वेळ. मात्र मंगळवारच्या रिहर्सलला तिची तयारी दिसली नाही, तर सोलो ऑलिव्हरला जाईल, असं म्युझिकचे सर मिस्टर ह्यूझ यांनी सांगून ठेवलं होतं. ऑलिव्हरने तो आधीच पाठ करून ठेवला होता, ही तनिषाची खरी ठसठस.

दुकानातल्या पोनीटेलवाल्याने विनयला सगळं नीट समजावलं. नंबर म्हणजे तारेची जाडी. नाइन बारीक, टेन त्याहून जाड, मग इलेव्हन, आणि सर्वांत वर थर्टीन.

"मुलगी किती वर्षांची आहे?" त्याने विचारलं.

"बारा. पण वाढतं वय आहे," विनय म्हणाला. "बोटांत जोर येईल ना आता. थर्टीन द्या."

"थर्टीन जरा हेवी होतील, मेट."

"एक्झॅक्टली," विनय म्हणाला. बारीक तार तुटते हे तो सकाळीच डोळ्यांनी बघून आला होता. शिवाय तेवढ्याच पैशांत लोखंड जास्त मिळत होतं.

घरी येऊन त्याने जुन्या तारा काढल्या आणि नव्या चढवायला घेतल्या. गिटारच्या मानेच्या टोकाशी तारा बसवायला खाचा असलेली एक पांढरी पट्टी असते. त्या खाचांत जाड तारा मावेनात. दुसरा एखादा इथे थांबला असता. विनयने मंजिरीची नखांची कानस घेतली आणि सहाही खाचा ऐसपैस करून टाकल्या.

मग त्याने तारा पिळून सुरात आणल्या. तशी गिटारच्या पोटावरची धातूची ब्रिज, जी आतून स्प्रिंगांनी धरलेली असते, ती हळूहळू उचलली जाऊ लागली. सगळ्या तारा सुरात आल्या तेव्हा ती पार डोकं वर काढून उभी होती, आणि तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या की त्यांवर रुमाल वाळत घालता आले असते.

तनिषाने एक तार दाबली. मग दोन्ही हातांनी दाबली.

"बाबा, हे काय आणलास?"

"थोडी सवय होऊ दे. ब्लेझरची झाली ना?"

"ब्लेझरची पण नाही झाला," तनिषा म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. विनयला वाईट वाटलं, अगदी खरोखर वाईट वाटलं. तोवर बोलायची पाळी मंजिरीची आली होती.

"विनय, तिने एक आकडा सांगितला होता. एक," मंजिरी म्हणाली. "आणि माझी कानस कुठाय?"

रविवारी दुकान बंद. सोमवारी विनय ऑफिसातून लवकर निघाला, निमूटपणे नाइनचं पाकीट घेऊन आला आणि त्या तारा चढवल्या. पण खाचा आता थर्टीनच्या मापाच्या झाल्या होत्या. बारीक तारा त्यांत सैल पडून अशा झणझणल्या की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. दुकानात फोन केला तर पोनीटेलवाला म्हणाला, पट्टी नवी बसवावी लागेल, एक आठवडा. थोडक्यात, परतीचा रस्ता विनयने स्वतःच्या हाताने घासून टाकला होता.

शेवटी मंजिरीने पुरुषोत्तमकाकांना फोन केला. काका दोन घरं सोडून राहायचे. एअरपोर्टच्या कार्गोतून रिटायर झालेले, आणि मराठी मंडळाचा तंबोरा तीस वर्षं त्यांच्याच ताब्यात. तो दुसऱ्या कोणी लावलेला त्यांना खपत नसे. ते आले तोवर विनयने थर्टीन पुन्हा चढवल्या होत्या. काकांनी चष्मा सारून गिटारच्या वर आलेल्या ब्रिजकडे पाहिलं.

"तुझी घोडी उभी राहिली की रे."

"काका, तारा जाड झाल्यात जरा," विनय म्हणाला.

"तारेत काही खोट नाही. लावलीय कशात?" त्यांनी तार छेडली. "पेटीची पांढरी तीन. अरे, एवढी जाड तार पांढरी तीनला लावतात का? तिला खाली उतरू दे. पांढरी एक कर."

"अहो, पण सगळा बँड पांढरी तीनला वाजवणार ना," मंजिरी म्हणाली.

"मग बँडलाही उतरू दे. गवयाच्या गळ्याप्रमाणे वाद्य लावायचं असतं. गातंय कोण?"

"क्लोई," तनिषा दारातून म्हणाली. "पण तिचा आवाज वरती जात नाही. ती ओरडते."

"बघ," काका म्हणाले आणि खुंट्या सैल करायला लागले. ब्रिज नम्रपणे खाली बसली. तारा लाकडाजवळ आल्या. तनिषाने सोलोच्या शेवटची ती तार ओढून सूर चढवायची जागा घेऊन पाहिली. गिटारमधून असा भरदार आवाज निघाला की कपाटातल्या वाट्या वाजल्या. या खेपेला शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली नाही.

मंगळवारी रिहर्सलला मिस्टर ह्यूझ यांनी दोन मिनिटांत गाणं थांबवलं. "तनिषा, तुझी गिटार खाली लागली आहे."

"येस सर. इट्स इन व्हाइट वन."

"इन व्हॉट?"

"माझ्या अंकलची सिस्टिम आहे, सर. क्लोईसाठी."

सरांनी ऑलिव्हरकडे पाहिलं. ऑलिव्हर तयारच होता. पण क्लोई म्हणाली, खाली एकदा गाऊन बघते. कीबोर्ड बटण दाबून उतरला, बेस गिटार उतरली, आणि गेले तीन आठवडे त्या गाण्यात किंचाळणारी क्लोई पहिल्यांदाच गायली. सर खुर्चीत बसले. ऑलिव्हरनेही आपली गिटार उतरवली, पण त्याच्या नाइनच्या तारा तेवढ्या खाली जाताच सैल नाडीसारख्या लोंबायला लागल्या. सोलो तनिषाकडेच राहिला.

गुरुवारी हॉल भरला होता. विनय आणि मंजिरी तिसऱ्या रांगेत, काका मधोमध. गाणं छान चाललं होतं. सोलो जवळ आला आणि तनिषाच्या ब्लेझरची डावी बाही घसरून थेट तारांवर आली. तिने ती वर केली. ती पुन्हा आली. विनयला दरदरून घाम फुटला.

तनिषाने एका झटक्यात गिटार खांद्यावरून उतरवली, ब्लेझर काढून मागे भिरकावला आणि गिटार पुन्हा गळ्यात अडकवून सोलोला हात घातला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. सगळा हॉल उभा राहिला. शेवटची तार तिने इतकी ओढली की काकांनी डोळे मिटून "वा" म्हटलं. विनयच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"बघितलंस?" गाडीत बसताच तो मंजिरीला म्हणाला. "मी थर्टीन आणल्या म्हणून."

मंजिरीने खिडकीबाहेर पाहिलं. आता या माणसाला कोणीही आवरू शकणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

दोन आठवड्यांनी बँडचे टी-शर्ट छापून आले. बँडचं नाव आता 'द थर्टीन्स' झालं होतं. तनिषाने एक विनयसाठीही मागवला होता.

"अगं, हा एक्स्ट्रा लार्ज आहे," विनय लेबल वाचत म्हणाला. "मी मीडियम घालतो."

"मला माहितीये. दोन साइझ मोठा घेतला." तनिषा गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "वाढता अंग आहे, बाबा."

मंजिरी स्वयंपाकघरातून खास बघायला आली. विनय हसला, पोरीच्या समाधानासाठी तो टी-शर्ट डोक्यातून घातला आणि खाली ओढला. मग तो आरशासमोर जाऊन उभा राहिला.

टी-शर्ट अगदी मापात बसला होता.