बँडमास्तरांची छडी आणि रखडलेलं विमान

"आजवर नवरदेव उशिरा आलेत, जेवण उशिरा आलंय, पण आपला बँड? कध्धीच नाही!" विमानतळावर भेटेल त्याला बँडमास्तर ऐकवत होते. आज तर खुद्द त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं, दुसऱ्या शहरात, संध्याकाळी. तिने बजावून ठेवलं होतं, "बाबा, तुमचा बँड वाजल्याशिवाय मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही!" म्हणून अख्खा बँड सकाळच्याच विमानाने निघाला होता. मोठ्या ड्रमचंसुद्धा वेगळं तिकीट काढलं होतं, तेही खिडकीजवळचं!

आणि फलकावर झळकलं, 'विलंब'.

मास्तर तडक काउंटरवर. "काय झालं हो?"

"तांत्रिक कारण, काका," काउंटरवरची मुलगी गोड हसली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... तांत्रिक."

"कारण तुमचं, पण लग्न माझ्या मुलीचं! जबाबदारी कोण घेणार?"

"कंपनी दिलगीर आहे काका. बिस्किटं घ्या ना!"

दुपार झाली. मास्तरांकडे बिस्किटांचा ढीग जमला, जबाबदारी मात्र कोणी घेईना. अखेर त्यांचं टाळकं सटकलं. "उचला रे वाद्यं! कंपनीचा कोणी जबाबदार माणूस समोर येईपर्यंत थांबायचं नाही!"

आता, या बँडचा एक कडक नियम होता. मास्तरांची छडी खाली येईपर्यंत, छप्पर कोसळलं तरी वाजवणं थांबवायचं नाही. आणि मास्तरांची सवय अशी, की छडी वर गेली की डोळे बंद!

ट्रंपेट कडाडले. ड्रम दणाणला. कंटाळून पेंगणारे प्रवासी उठून नाचायला लागले. एका आजीबाईंनी तर व्हीलचेअर सोडून ठेका धरला! इतक्यात लाउडस्पीकरवर काहीतरी पुकारलं गेलं. कोणाला ऐकू जाणार? काउंटरवरची मुलगी धावत येऊन दोन्ही हात हलवायला लागली. मास्तरांचा मेहुणा क्लॅरिनेट वाजवत होता. त्याला वाटलं, पोरगी रंगात आली! त्याने लय दुप्पट केली. ती कपाळावर हात मारायला लागली, तर मागे नाचणाऱ्या चौघांनी तीच नवी स्टेप म्हणून उचलली!

अखेर कोणीतरी मास्तरांचा खांदा हलवला. "फर्माईश नंतर!" मास्तर डोळे न उघडताच खेकसले. तेव्हा त्या माणसाने सरळ छडीच काढून घेतली. बँड गप्प! समोर वैमानिक उभा.

"मास्तर, विमान कधीच दुरुस्त झालंय. तुम्ही थांबाल आणि हे लोक चढतील, म्हणून आम्ही वाट बघतोय!"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. वाजवण्यातच तासाच्या वर गेला होता!

ते हॉलवर पोहोचले तेव्हा अर्धे पाहुणे पांगले होते, नवरदेव खुर्चीतच घोरत होता. मास्तरांनी धापा टाकत छडी उगारली. बँड वाजला आणि लेक खरोखरच त्याच सुरांवर बाहेर आली. मास्तरांना रडूच कोसळलं. तिने बापाला घट्ट मिठी मारली.

"बाबा, केवढा हा उशीर! त्या कंपनीला मी सोडणार नाही. नक्की झालं तरी काय होतं?"

अख्खा बँड एकाएकी छताकडे बघायला लागला. मेहुण्याने क्लॅरिनेट पाठीमागे लपवलं. मास्तरांनी घसा खाकरला.

"तांत्रिक कारण गं, बाळा," ते म्हणाले. "बिस्किटं घे ना!"