नवीन ग्राहकांसाठी एक दाबा

टीव्हीवर डिशची जाहिरात लागली, की आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अप्पा मगदूम खुर्चीतून उठून उभे राहतात. भांडायला उभं राहतात, तसे. जाहिरातीतली बाई गोड हसून म्हणते, "ही ऑफर फक्त नवीन ग्राहकांसाठी!" आणि अप्पांचा आवाज जिन्यातून उतरत थेट तळमजल्यावरच्या कोचिंग क्लासपर्यंत जातो, "आणि आमी काय मेलो व्हय?"

क्लासमधली मुलं आता दचकत नाहीत. नवीन आलेला एखादाच वर बघतो, मग त्याला शेजारचा सांगतो, "काय न्हाय, डिशवाले अप्पा हायत."

मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले, घरून काम करते आणि शक्यतो कुणाशी बोलत नाही. त्यामुळे राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला शिष्ट समजतात. खरं म्हणजे कुठलंही वाक्य मला आधी मनात म्हणून बघावं लागतं आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो. अप्पा निघून जात नाहीत. ते थांबतात आणि माझं वाक्य स्वतःच पूर्ण करतात, बहुतेक वेळा चुकीचं. मला "ए इंग्लिश" अशी हाक मारणारे ते एकटेच.

शाहूपुरीत अप्पांचं गुळाचं दुकान होतं. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ते दुसऱ्याला देऊन टाकलं. त्या दुकानाची एक रीत होती. जुन्या गिऱ्हाइकाचा गूळ तोलून झाला, की अप्पा ढेपेचा एक खडा फोडून वर टाकायचे. गिऱ्हाइकानं मागायच्या आत. "नवं गिऱ्हाईक काय, पाटी लावली की येतंय गं," ते मला सांगतात. "जुनं धा दुकानं वलांडून आपल्याकडं येतंय. मग वरचा खडा कुणाला द्याचा? तूच सांग."

मी सांगायच्या आत ते म्हणतात, "बरोबर. जुन्याला."

दुकान गेलं, पण अप्पा जगातल्या प्रत्येक व्यवहारात आपला वरचा खडा शोधत राहिले. दूधवाल्याकडे शोधला, न्हाव्याकडे शोधला. गुडघ्याच्या डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं येतोय मी तुमच्याकडं. माझं वरचं काय?" डॉक्टरही इथलेच. ते म्हणाले, "देतो की अप्पा एक इंजेक्शन वर. कुठल्या पायात देऊ?" अप्पांनी वरचा खडा नाकारल्याचं हे एकमेव उदाहरण.

पण खरं भांडण डिशच्या कंपनीशी. गल्लीत सगळ्यात आधी आमच्या गच्चीवर अप्पांची डिश बसली होती. "तवा ह्या कंपनीला काळं कुत्रं इचारत नव्हतं. माझी बघून निम्म्या गल्लीनं घेतली," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की तेव्हा मी गल्लीत हजर होते असं मला वाटायला लागलंय. आता मागच्या गल्लीत काल राहायला आलेल्या माणसाला नवा बॉक्स मिळतो, सुरुवातीचे काही महिने फुकट मिळतात, सिनेमांचे चॅनेल वर मिळतात. अप्पांना वाढदिवसाला मेसेज येतो. त्यात 'प्रिय ग्राहक' असं लिहिलेलं असतं.

"नाव बी घालाय येईना तेनला," अप्पा म्हणतात.

कंपनीला फोन लावला की यंत्र सांगतं, नवीन कनेक्शनसाठी एक दाबा, सध्याच्या ग्राहकांनी दोन दाबा. दोन दाबलं की बासरी वाजते. ती बासरी आमच्या घरापर्यंत ऐकू येते, कारण अप्पा फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडायला बसतात. एकदा वैतागून त्यांनी एक दाबलं. पहिल्या रिंगला मुलगा हजर! "नमस्कार सर, कसे आहात?" अप्पा इतके गडबडले, की खरंच कसे आहेत ते सांगायला लागले. गुडघे सांगितले, रात्रीची झोप सांगितली. मुलानं सगळं ऐकलं. घरी कोण कोण असतं, काय बघायला आवडतं, सगळं विचारलं. शेवटी अप्पांनी जुना ग्राहक क्रमांक सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "अरे सर, तुम्ही तर आपलेच आहात," आणि त्यानं फोन बासरीकडे दिला.

तेव्हापासून अप्पा अधूनमधून एक दाबतात. कधी कधी क्रमांक सांगतच नाहीत. "बघतो, इचार करून सांगतो," म्हणून ठेवून देतात.

मला त्यांचं हसू यायचं. आईला सांगितलं, तर तीही हसली, मग म्हणाली, "त्या घरात त्यांना कसे आहात म्हणून विचारणार तरी कोण?"

घरात गंगाकाकू असतात. अप्पांची बायको. गेली काही वर्षं काकूंना आठवत नाही. आधी गॅस बंद करायचं राहायला लागलं, मग नावं गेली, मग माणसं. त्या दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि दाराची बेल वाजली, की अशा काही उठतात, जणू त्याच बेलची वाट बघत होत्या. आई मला वाटीभर काहीतरी देऊन समोर पाठवते, तेव्हा दर वेळी काकू माझा हात धरून आत नेतात. "या, या. नवीन राहायला आलाय व्हय?" मी हो म्हणते. सोपं पडतं. मग बिस्किटं येतात, पाणी येतं, कुणाची तू, जेवलीस का, असं सगळं येतं. गॅसवाला असो, इस्त्रीवाला असो, काकूंच्या घरातून तो पाहुणचार घेतल्याशिवाय सुटत नाही.

फक्त अप्पांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे काकू कपाळाला आठी घालून बघतात.

"हे म्हातारं सारखं घरात का फिरतंय?" त्यांनी एकदा मला विचारलं. मोठ्यानं. अप्पा दोन पावलांवर होते. "जात का न्हाय आपल्या घराकडं?"

"जातो की," अप्पा म्हणाले. "तेवढं दूध तापलं की जातो." आणि त्यांनी गॅस पेटवला.

माझ्या हातात बिस्कीट होतं. ते मला चावताही येईना आणि खाली ठेवताही येईना.

पावसाळा संपता संपता अप्पांनी शेवटची लढाई काढली. मला बोलावलं. "ए इंग्लिश, आज तू बोलायचं. इंग्लिशमदनं बोललं की ते घाबरत्यात."

"अप्पा, मला फोनवर—"

"जमतंय. वाक्य मी सांगतो, तू नुसतं इंग्लिश कर."

फोन स्पीकरवर. बासरी झाली. मुलगी आली. मी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी, इंग्लिशमधून अप्पांची बाजू मांडली. जुना ग्राहक आहे, एकदाही पैसे थकवले नाहीत, नव्यांना जे देता ते यांनाही द्या. फोनवरची मुलगी शांतपणे ऐकत होती. मग मराठीतच म्हणाली, "मॅडम, ती स्कीम सध्याच्या ग्राहकांना लागू नाही. एक मार्ग आहे. हे कनेक्शन बंद करा आणि नवीन घ्या. मग सगळं मिळेल."

अप्पा पुढे सरकले. "म्हंजे मी मलाच काढून टाकायचं?"

"तसं नाही सर. पत्ता तोच चालतो. फक्त नाव आणि मोबाईल नंबर वेगळा द्या."

"टीव्ही त्योच, घर तेच, बसणार बी मीच. आणि दारात यून म्हणायचं, मी नवीन हाय?"

"हो सर. बरेच जण तसंच करतात."

"आणि इतकी वर्षं?"

"ती जुन्या खात्याबरोबर जातील सर."

मी न राहवून विचारलं, "पण असं का? जुन्या माणसांना काहीच का नाही?" मनात आधी म्हणून न बघता बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, जे कुठं जाणार नाहीत, त्यांच्यासाठी स्कीम नसते."

तिचा आवाज उद्धट नव्हता, थकलेला होता. आणि ती म्हणाली ते खरंच होतं. नव्याला ओढायला खर्च करावा लागतो. जुना आपला असतोच. हिशोब चोख आहे. फक्त तो हिशोब ऐकताना अप्पांचा चेहरा समोर असू नये.

"सर, मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकते का?"

"मला नुसतं वळखा की, बाई," अप्पा म्हणाले. "दुसरं काय बी नको."

पलीकडे कीबोर्ड टकटकला. मग, "सर, तुमचा नोंदणीकृत मोबाईल नंबर सांगता का?"

अप्पांनी फोन बंद केला. काकू कोचावरून हे सगळं बघत होत्या. त्यांनी बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला बी एक बिस्कीट दे, पोरी. कुणाचं हाय कुणास ठावं."

त्यानंतर जाहिरात लागायची आणि जिना गप्प असायचा. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "बरं झालं बाई, शांतता." मग काही दिवसांनी तीच टीव्हीचा आवाज कमी करून कान द्यायला लागली. अप्पा भेटले तर मान हलवायचे. वरच्या खड्याचं नाव नाही. मी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, "अप्पा, फोन लावूया का परत?"

"कुणाला?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. त्या पोरीनं बरोबर सांगितलं. एकदा आपला म्हणून धरून चाललं की माणूस दिसत न्हाय."

परवा संध्याकाळी मी कचऱ्याची बादली घेऊन दार उघडलं आणि तशीच थांबले. अप्पा त्यांच्याच बंद दारासमोर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात केळ्यांची पिशवी. घराची किल्ली शर्टच्या खिशातून बाहेर डोकावत होती. त्यांनी टोपी नीट केली, घसा खाकरला आणि बेल दाबली.

दार काकूंनी उघडलं.

"कोण पायजे?"

"पावणं हाय," अप्पा म्हणाले. "निपाणीकडनं आलतो. म्हटलं, जाता जाता भेटावं."

काकूंच्या कपाळावरची आठी गेली. "मग भाईर का हुबं? या की आत. पाय धुवा. लांबनं आलाय, दमला असशीला."

त्यांनी पिशवी घेतली, अप्पांना कोचावर बसवलं, पंखा लावला. पाण्याचा तांब्या आणला. अप्पा कोचाच्या अगदी कडेला, गुडघे जुळवून, परक्या घरात बसावं तसे बसले होते. त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी ती काढून घेतली. मी दार लावून घ्यायला हवं होतं.

"कसं हाय तुमचं? बरं हाय न्हवं?" काकूंनी विचारलं.

"बरं हाय," अप्पा म्हणाले. "गुडघे जरा दुखत्यात."

"आमच्या ह्यांचं बी तसंच हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला. "येतील एवढ्यात. दुकान बंद कराय वेळ हुतोय तेनला. तवर बसा, जाऊ नगासा."

"बसतो की," अप्पा म्हणाले. "मला काय घाई न्हाय."